श्रद्धा व्यक्तीची, की नागरिकाची?

आजचा विषय आहे धर्मश्रद्धा, सहिष्णुता आणि नागरिकत्व. हे तीन शब्द आपण भाषणात एका दमात म्हणतो, पण प्रत्यक्षात ते एकमेकांशी सहज जुळत नाहीत. कुठे जुळत नाहीत ते पाहायला लांब जायची गरज नाही. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न चौकशीच्या रूपानं आला होता. तिथपर्यंत आपण जाऊच. त्याआधी शब्द नीट समजून घेऊ.

सहिष्णुता म्हणजे काय? सहन करणं. आता बघा, सहन कोण करतं? ज्याच्या हातात सत्ता आहे तो. आणि जो सहन करतो, तो उद्या 'आता पुरे' असंही म्हणू शकतो. फ्रान्समध्ये हेच घडलं. १५९८ साली राजा चौथा हेन्री यानं नांतचा जाहीरनामा काढला आणि प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली. कॅथलिक देशात ही फार मोठी गोष्ट होती. पण १६८५ साली त्याचा नातू चौदावा लुई यानं तो जाहीरनामा रद्द केला. लाखो माणसं देश सोडून गेली. मुभा राजानं दिली होती, राजानंच काढून घेतली.

नागरिकत्वाची कल्पना इथे वेगळी पडते. १७९० साली अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यानं न्यूपोर्टच्या ज्यू लोकांना एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की इथे एका वर्गानं दुसऱ्या वर्गावर मेहेरबानी करायची भाषा आता संपली, उपासनेचं स्वातंत्र्य हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. अर्थात त्याच देशात तेव्हा गुलामगिरी होती, हेही विसरून चालणार नाही. आणि इंग्लंड? लोकशाहीचं माहेरघर म्हणतात त्या देशात कॅथलिकांना पार्लमेंटचं दार १८२९ साली उघडलं, ज्यूंना १८५८ साली. चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक माणूस १८८० साली निवडून आला, पण शपथेच्या वादामुळे त्याला आपली जागा नीट घेता आली १८८६ साली! हाच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. म्हणजे पाश्चात्त्य लोकशाहीलाही हे आयतं मिळालेलं नाही. मतदारांनी निवडून दिलेल्या माणसालाही 'तुझी श्रद्धा काय' या प्रश्नावर सहा वर्षं दाराबाहेर थांबावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या भागात दोन शब्द फार विचारपूर्वक वापरले आहेत. एक 'नागरिक' आणि दुसरा 'व्यक्ती'. भाषणस्वातंत्र्य, संघटना, देशात कुठेही फिरणं आणि राहणं, हे कलम १९ मधले हक्क नागरिकांना आहेत. सरकारी नोकरीत समान संधी, कलम १६, तीही नागरिकांना. पण कलम २५ उघडून बघा. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा हक्क 'सर्व व्यक्तींना' आहे. तिथे नागरिक हा शब्द नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, ही अट आहेच. पण हक्क माणसाचा आहे. श्रद्धा ठेवायला पासपोर्ट लागत नाही, असा त्याचा साधा अर्थ.

यातल्या 'प्रसार' या शब्दावरून संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये चांगलाच वाद झाला. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांचा त्याला ठाम विरोध होता. टी. टी. कृष्णम्माचारी बाजूनं बोलले. आपण चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपला धर्म बदलायचा प्रयत्न कोणी केला नाही, असं त्यांनी सांगितलं. कन्हैयालाल मुन्शी यांनीही सभेला आठवण दिली, की हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा भाग आहे. शेवटी शब्द राहिला.

आता यवतमाळ. तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. १९५४ साली यवतमाळ महाराष्ट्रात नव्हतं, कारण महाराष्ट्र राज्यच नव्हतं. वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. यवतमाळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट चर्चचं मिशन काम करत होतं. १९५३ साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, धर्मोपदेशक घडवणारं विद्यालय. ते पुढे १९८३ साली पुण्याला गेलं. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, प्रार्थना, असं हे सगळं काम एकत्र चालायचं. आणि इथेच शंका निर्माण होते. पोराला शाळेत घेतलं, आजाऱ्याला औषध दिलं, ते सेवा म्हणून की धर्म बदलावा म्हणून?

ही शंका खोटी होती असं मी म्हणणार नाही. गरीब माणसाच्या गरजेचा फायदा कोणीही घेऊ शकतो. सावकार घेतो, पुढारी घेतो, धर्मप्रचारकही घेऊ शकतो. मध्य प्रदेश सरकारनं एप्रिल १९५४ मध्ये एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. सदस्यांत वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे गांधीविचाराचे ख्रिस्ती गृहस्थही होते. समिती १४ जिल्हे फिरली, त्यात आपलं यवतमाळ होतं. ७७ केंद्रांवर ११,३६० माणसांशी समिती बोलली. १९५६ साली अहवाल आला.

त्यातल्या दोन शिफारशी आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या. पहिली, धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावं. दुसरी, घटनादुरुस्ती करून धर्मप्रसाराचा हक्क फक्त भारताच्या नागरिकांना आहे असं स्पष्ट करावं, आणि बळजबरी किंवा फसवणुकीनं केलेलं धर्मांतर त्यात येत नाही असंही लिहावं. म्हणजे कलम २५ मधली 'व्यक्ती' काढून तिथे 'नागरिक' बसवायचा.

ही दुरुस्ती झाली नाही. परदेशी माणसाला इथे किती दिवस राहू द्यायचं, हे ठरवायचा अधिकार सरकारला आहेच. १९९१ साली एका बेल्जियन मिशनऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. लुई द राएत त्याचं नाव. तो १९३७ पासून भारतात होता, तरी देश सोडण्याचा आदेश कायम राहिला. पण हा प्रश्न व्हिसाचा आहे. मनात काय ठेवायचं, कोणाची प्रार्थना करायची, हा प्रश्न व्हिसाचा नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की बराच गोंधळ कमी होतो.

आता त्याच वर्षातली पुढची गोष्ट बघा. १४ ऑक्टोबर १९५६. त्याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. १६ तारखेला शेजारच्या चंद्रपूरला दीक्षा झाली. विदर्भातल्या गावागावांतून माणसं गेली. पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं. आणि नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांमध्ये कोण होतं? न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी! धर्मांतराची चौकशी करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी त्याच वर्षी स्वतः धर्म बदलला. कोणी याला विसंगती म्हणेल. मला ती वाटत नाही. फसवून बदललेला धर्म आणि विचार करून बदललेला धर्म यांत फरक आहे, हे नियोगींना मान्य असणारच. अवघड प्रश्न पुढचा आहे. हा फरक ठरवणार कोण? तहसीलदार? पोलीस? की तो माणूस स्वतः?

मध्य प्रदेशनं १९६८ साली धर्म स्वातंत्र्य अधिनियम केला. जबरदस्ती, प्रलोभन, फसवणूक यांनी धर्मांतर केलं तर शिक्षा. धर्मांतर झालेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा दुप्पट. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा वैध ठरवला. प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढे बऱ्याच राज्यांनी असे कायदे केले.

फसवणुकीला शिक्षा हवी, यावर वाद नाही. पण त्या दुप्पट शिक्षेकडे पुन्हा बघा. लहान मुलाचं समजू शकतो. पण सज्ञान बाई आणि सज्ञान दलित, आदिवासी माणूस यांना मुलाच्या रांगेत बसवलं, तर आपण काय म्हणतो? यांना स्वतःचं बरंवाईट कळत नाही, असंच ना? मग मतदान करताना त्यांना कळतं ते कसं? दीक्षाभूमीवर उभी राहिलेली माणसं बहुतेक भूमिहीन आणि मजूर होती. त्यात बायका होत्या. आपण कोण आहोत आणि कोण व्हायचं, हे त्यांनी कोणाच्या परवानगीशिवाय ठरवलं. संरक्षण देताना माणसाची निर्णयशक्ती काढून घेतली, तर नागरिक अर्धाच उरतो.

आणि त्या निर्णयाची किंमतही त्यांनी मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत फक्त हिंदू धर्म मानणारे येत होते. १९५६ साली शीख आले. बौद्ध आले १९९० साली. म्हणजे ३४ वर्षं. महाराष्ट्र राज्यानं आपल्या पातळीवर नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या, पण केंद्राच्या नोकरीत, केंद्राच्या यादीत तो माणूस अनुसूचित जातीचा राहिला नव्हता. गाव तेच, पाणवठा तोच, शेजाऱ्याची नजर तीच. कागदावरची जात मात्र गेली! दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांचा प्रश्न तर अजून लटकलेला आहे. २०२२ साली केंद्रानं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोग नेमला.

आदिवासींचं वेगळं आहे. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. केळापूर, झरी जामणी भागातला कोलाम किंवा गोंड माणूस ख्रिस्ती झाला तरी यादीत राहतो. त्याच गावातला अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर यादीबाहेर जातो. घटना एकच, पण श्रद्धा बदलण्याची किंमत दोघांना वेगळी. असं का, याचं उत्तर देताना सांगतात, की अस्पृश्यता हिंदू समाजातली, म्हणून सवलतही तिथेच. मग १९९० ला बौद्धांना का घेतलं? कारण धर्म बदलला तरी वागणूक बदलत नाही, हे आपण मान्य केलं. एकदा मान्य केलं की ते सगळ्यांना लागू का नसावं, हा प्रश्न उरतोच.

तर मित्रहो, सगळ्याचा मथितार्थ काय? एखाद्या देशात सहिष्णुता किती आहे, हे सणाला एकमेकांना मिठाई दिली यावरून मोजू नका. मिठाई चांगलीच, पण ती द्यायची की नाही हे देणारा ठरवतो. मोजायचं असेल तर दोन प्रश्न विचारा. एक, माणसानं श्रद्धा बदलली, किंवा सोडून दिली, तर त्याचा नागरिक म्हणून कुठला हक्क कमी होतो का? दोन, ती बदलण्याआधी त्याला कोणाला तरी पटवून द्यावं लागतं का, की मी शुद्धीवर आहे? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील, तर तो देश सहिष्णुतेच्या पुढे जाऊन नागरिकत्वापर्यंत पोहोचला असं समजा. फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका या वाटेवर अडखळत आले आणि अजूनही अडखळतात. आपण घटनेच्या शब्दांत त्यांच्या बरोबरीनं, काही ठिकाणी पुढेही आहोत. कलम २५ मधला 'व्यक्ती' हा शब्द त्याचा पुरावा आहे.

तो शब्द काढून टाकण्याची शिफारस ज्या अहवालात झाली, त्याच्या चौकशीच्या नकाशावर आपला जिल्हा होता. म्हणून तो शब्द जपण्याची जबाबदारी आपल्यावर जरा जास्तच आहे, असं मला वाटतं. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.