दीर्घ शब्दांतील ‘ळ’ आणि ‘ण’ : वऱ्हाडी उच्चार व लेखन

ठराविक वर्ण ज्यात आले आहेत असे लांब इंग्रजी शब्द शोधण्याचा छंद जुना आहे. पाचही स्वरचिन्हे एकत्र बाळगणारा ‘एज्युकेशन’ हा त्यातील सर्वपरिचित मासला. अशा शब्दांची लांबी पुष्कळदा मूळ धातूपेक्षा मागे लागलेल्या प्रत्ययांनी वाढलेली असते, आणि त्यामुळे त्या प्रत्ययांतील वर्ण लांब शब्दांत पुनःपुन्हा भेटतात. मराठीतही हेच घडते. मात्र वऱ्हाडात हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. ‘ळ’ आणि ‘ण’ हे दोन वर्ण तेथील शाळकरी मुलाच्या शुद्धलेखनाच्या वहीत अडचण उभी करतात, आणि लांब शब्दांची रचना त्या अडचणीवर थोडा प्रकाश टाकते.

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावर नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव आहे. ‘खंडेश्वर’ हे उपपद तेथील हेमाडपंती शिवमंदिरावरून आले असून इतर नांदगावांपासून हे गाव त्यामुळे वेगळे ओळखले जाते. या नावात ‘ण’ डोळ्यांना दिसत नाही. कानाला मात्र तो ऐकू येतो. ‘खंड’ शब्दातील अनुस्वाराचा उच्चार पुढील ‘ड’च्या योगाने ‘ण्’ असाच होतो, आणि वऱ्हाडी माणूसही तो तसाच करतो. तेव्हा वऱ्हाडी जिभेला ‘ण’ वळतच नाही, हे नेहमीचे विधान सैल आहे. ट-वर्गाच्या शेजारी तो टिकतो. एकटा पडला की त्याचा ‘न’ होतो. पाणी, लोणी, कोण यांचे पानी, लोनी, कोन होतात. ‘ळ’ची गोष्ट याहून निराळी. ग्रामीण वऱ्हाडीत त्याची जागा ‘य’ घेतो : डोळा–डोया, शाळा–शाया, केळी–केयी. बैलांचा पोळाही ‘पोया’ होतो. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडातील बोलीचा परामर्श घेतलेला आहे. शिक्षणाच्या प्रसाराने हे उच्चार नंतर विरळ होत गेले, तरी ते लोपलेले नाहीत.

बोलणाऱ्याचे यात काहीच अडत नाही. अडते ते लिहिणाऱ्याचे. कानावर ‘गाय’ पडले तर लिहावयाचे गाय की गाळ? ‘माय’ म्हणजे आई की माळ? शेतातील ‘तन’ निंदून काढले, तर ते तण. देहाचे ते तन. एका ध्वनीसाठी दोन अक्षरे, आणि निवड केवळ अर्थावरून. शिक्षकाने वारंवार टोकले की मूल उलट टोकाला जाते आणि ‘मन लावून’ ऐवजी ‘मण लावून’ लिहू लागते. ही चूक अज्ञानाची नसून अतिदक्षतेची होय. तिला अज्ञानाइतकीच शिक्षा देणे अन्यायाचे आहे. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांचा भर अनुस्वार व ऱ्हस्वदीर्घ यांवर आहे. या मुलाची अडचण त्यांच्या कक्षेत फारशी येत नाही.

आता लांब शब्द पाहावेत. ‘आगळेवेगळेपणामुळे’ या दहा अक्षरांच्या शब्दात ‘ळ’ तीन वेळा व ‘ण’ एकदा आला आहे. वऱ्हाडी उच्चार साधारणतः ‘आगयेवेगयेपनामुयं’ असा होईल. (हा शब्द बांधावर कोणी बोलणार नाही, हे खरे, परंतु निबंधात तो येतो.) प्रथमदर्शनी हा शब्द मुलाला गांगरविणारा वाटतो. वस्तुतः त्याचा उत्तरार्ध निर्धोक आहे. ‘पणा’ या प्रत्ययात ‘ण’च असतो आणि ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात ‘ळ’च, एकदा शिकले की शेकडो शब्दांत ते उपयोगी पडते. क्रियापदाचे ‘णे’, शेतकरीण–सुतारीण यांतील ‘ईण’, कनवाळू–झोपाळू यांतील ‘आळू’ हेही असेच भरवशाचे. ‘दयाळूपणामुळे’ हा शब्द तर मुद्दाम फळ्यावर लिहावा. ‘दयायूपनामुयं’ या उच्चारात ‘य’ तीनदा ऐकू येतो. पहिला ‘दया’ शब्दातील खरा ‘य’, उरलेले दोन प्रत्ययांतील ‘ळ’. शब्दाचे तुकडे पाडता आले की संशयास जागा राहत नाही. म्हणजे अवघड आहे तो काय–काळ, मन–मण असा दोन अक्षरी शब्द. लांब शब्द आपली फोड स्वतःबरोबर घेऊन येतो. शुद्धलेखनाचा पाठ आखूड शब्दांपासून सुरू करण्याची रूढी या दोन वर्णांपुरती तरी फिरविण्यासारखी आहे.

आरंभीचा ‘य’ किंवा ‘न’ मुळीच शंकास्पद नाही, कारण रूढ मराठी शब्द ‘ळ’ने वा ‘ण’ने सुरू होत नाहीत. तत्सम शब्दांत संस्कृतातील णत्वाचा नियम हाताशी असतो : ‘र’ किंवा ‘ष’ यांच्या मागोमाग येणारा ‘न’ कारण, परिणाम, भूषण यांत ‘ण’ होतो, पण मध्ये त-वर्ग आडवा आला की वर्तन, प्रार्थना यांप्रमाणे ‘न’ तसाच राहतो. गुण, वाणी यांसारखे शब्द मात्र पाठच करावे लागतात.

मूळ धातूंतील ‘ळ’ व ‘ण’ कोठून आले, याचे उत्तर शब्दांच्या इतिहासात आहे, आणि झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० सालच्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात त्याचे विवेचन सापडते. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ झाला, तर प्राकृतातील दुहेरी ‘ल्ल’चा ‘ल’ उरला. संस्कृत ‘काल’पासून काळ; ‘कल्य’पासून कल्ल आणि त्यापासून आदल्या दिवसाचा वाचक ‘काल’. तसेच ‘जन’पासून जण, पण ‘कर्ण’, ‘पर्ण’ यांपासून कण्ण, पण्ण होऊन कान, पान. वऱ्हाडीने यांपैकी दुसरा भेद गमावला. तिच्या तोंडी जण आणि कान यांतील अंत्य व्यंजन एकच. पहिला भेद मात्र तिने जपला आहे. ‘काल’ आणि ‘काय’ तेथे कधीही एक होत नाहीत. ‘ल’ ‘ल’च राहतो. रोमन लिपीत नेमके उलट घडते. यवतमाळच्या इंग्रजी पाटीवर ‘ळ’ आणि ‘ल’ यांना एकच चिन्ह मिळते, आणि वऱ्हाडी उच्चाराने राखलेला भेद तेथे पुसला जातो.