गुरुजी नाहीत? मग टॅब द्या!

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीकडच्या शाळांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डोंगरात गुरुजी टिकत नाहीत ना? मग टॅब द्या, मुलं आपली आपण शिकतील.’ पुण्या-मुंबईहून देणगी घेऊन आलेले पाहुणे तर हे हटकून म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून गप्प बसावं लागतं. पण किती दिवस?

टॅबच्या या सल्ल्याचं उत्तर अक्कलकुव्याला लागूनच, गुजरातेत मिळालेलं आहे. ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या वर्गांमधला संगणकावर गणित शिकवण्याचा प्रयोग अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी तपासला आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. काही ठिकाणी संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी होता, काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा. धडे तेच. जादा तासवाल्या मुलांचं गणित सुधारलं. शिक्षकाचा तास गमावलेली मुलं संगणक न मिळालेल्यांपेक्षाही मागे पडली. म्हणजे गुरुजींच्या जागी यंत्र बसवणं नुसतं निरुपयोगी नाही, तोट्याचं ठरलं.

अक्कलकुव्यात तर भाषेचाही प्रश्न आहे. पहिलीतलं पोर घरी भिली किंवा पावरी बोलतं. पडद्यावरच्या बाई प्रमाण मराठीत भराभर सांगून मोकळ्या होतात. समोरच्याला कळलं नाही, हे त्यांना दिसणार कसं? गुरुजी थांबतात, पोराच्या बोलीतला एखादा शब्द घालून पुन्हा सांगतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा आपण त्यांचे पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड तेवढे लक्षात ठेवले. पारितोषिक देणाऱ्यांनी मात्र पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत नेल्याचीही नोंद केली होती.

यंत्र नकोच, असं नाही. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकावरच्या शिकवणीमुळे साडेचार महिन्यांत मुलांचं गणित आणि हिंदी चांगलंच सुधारलं, असं २०१९ च्या अभ्यासात दिसलं. तिथे प्रत्येकाला त्याच्या पातळीचा धडा मिळे, आणि सोबत छोट्या गटाला शिकवणारा माणूसही असे. हे शेवटचं कुणी सांगत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘रेंज नाही, म्हणजे डिजिटल काही जमणार नाही’: दीक्षा ॲपवरचे धडे तालुक्याच्या गावी डाउनलोड करून पाड्यावर नेटशिवाय दाखवता येतात. ‘फोन आला की अभ्यास वाढतो’: ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी तो आठवड्याभरात अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. ‘नंदुरबारला सगळं शेवटी येतं’: देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं!

तेव्हा शाळेला टॅब किंवा टीव्ही भेट देणाऱ्यांनो, जरूर द्या. फक्त त्याआधी तिथे वीज किती तास असते, बिघडला तर दुरुस्त कोण करणार आणि शिक्षकाचं पद भरलंय का, एवढं विचारा. पद रिकामं असेल तर यंत्राआधी ते भरण्यासाठी जिल्हा परिषदेकडे अर्ज करा.