‘टेक’ आणि ‘घेणे’

इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला ‘टेक’ या क्रियापदाचा अर्थ ‘घेणे’ असा सांगितला जातो, आणि तो चुकीचा नाही. घोटाळा पुढे होतो. ‘आय टुक द एक्झॅमिनेशन’ या वाक्याचे ‘मी परीक्षा घेतली’ असे भाषांतर मुले हटकून करतात, आणि परीक्षार्थी एका क्षणात परीक्षक होऊन बसतो! मराठीत परीक्षा शिक्षक घेतो, विद्यार्थी ती देतो. इंग्रजीत घेणारा विद्यार्थीच. प्रसंग एकच, परंतु देवघेवीची दिशा नेमकी उलटी. हैदराबादकडे तर तेलुगूत परीक्षा ‘लिहिली’ जाते, म्हणजे तेथे देणेही नाही व घेणेही नाही.

गंमत अशी, की हा ‘टेक’ मूळचा इंग्रजीतला नव्हेच. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेतील ‘नेमेन’ हे त्याचेच भावंड. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या ‘टाका’ या शब्दाने त्याला हळूहळू बाजूला सारले. ‘निमन’ची खूण आज ‘निम्बल’ आणि ‘नम’ अशा शब्दांत उरली आहे. ‘नम’ म्हणजे बधिर, मुळात ‘पकडला गेलेला’. आपणही थंडीने सांधे ‘धरले’ असे म्हणतोच की!

तेव्हा या क्रियापदाच्या मुळाशी ‘हाती धरणे’ ही कल्पना आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे बरीच वाट मोकळी होते. रोप मूळ ‘धरते’, माणूस धीर ‘धरतो’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टेक’. औषध, रजा, शपथ, काळजी यांच्या बाबतीत ‘घेणे’ बिनतक्रार चालते. लाकडाने पेट ‘घेतला’ हेही जुळते. परंतु छायाचित्र आपण काढतो, पाऊल उचलतो आणि आजारी ‘पडतो’.

दोन ठिकाणी मात्र शिक्षकाने थांबावे. पहिले, ‘टेक द चाइल्ड टु स्कूल’. येथे ‘घेणे’ नव्हे, ‘नेणे’. आणि त्याची जोडी ‘ब्रिंग’शी, म्हणजे ‘आणणे’शी लावून दाखवावी. बोलणारा कोठे उभा आहे यावर ही निवड बहुधा ठरते, व ते मराठी मुलाला उपजतच कळते. दुसरे, ‘इट टुक टू अवर्स’. कामाने दोन तास ‘घेतले’ असे आता छापलेलेही दिसते. मराठीत कामाला दोन तास ‘लागतात’. ‘लागणे’सारखे समर्थ क्रियापद हाताशी असताना ही उसनवारी कशाला?

सर्वांत नाजूक जागा ‘टेक टु हार्ट’ची. ‘तिचे बोलणे मनावर घेऊ नकोस’ येथे मराठी व इंग्रजी हातात हात घालून चालतात. पण ‘त्याने मनावर घेतले’ असे म्हणताच अर्थ पालटतो: त्याला लागले असे नव्हे, त्याने निश्चय केला. लागले असेल तर ‘मनाला लावून घेतले’ असेच म्हणावे लागेल. शब्द तेच, एका नकाराने वाट बदलली.

‘आफ्टर’, ‘ऑफ’, ‘टु’ ही शेपटे जोडली की निराळाच पसारा होतो. मुलगी आईच्या वळणावर जाते, विमान उड्डाण करते, नवे गाव आवडू लागते; घेण्याचा मागमूसही नाही. ‘ही वॉज टेकन इन’ हे वाक्य तर सुटे देऊच नये. त्या गृहस्थाला कोणी घरात आसरा दिला की गंडवले, हे मागचे वाक्य वाचल्यावाचून सांगता येत नाही.