छोटं घर आणि पाण्याचा ड्रम: विषयातून संशोधन-प्रश्न कसा काढायचा?

पेट पास झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. गाईड विचारतात, "विषय काय घेणार?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: शहरीकरण, महिला सक्षमीकरण, पाणीप्रश्न. हे सगळे विषय झाले. प्रश्न अजून आलेलाच नाही. दोन्हींत फरक सोपा आहे. प्रश्नाला उत्तर असतं, आणि माहिती गोळा केल्यावर ते आपल्या अंदाजापेक्षा वेगळं निघू शकतं. विषयाचं तसं काही होत नाही.

आज उदाहरण मुद्दाम असं घेऊ या, जे आरआरसीसमोर मांडलं तर समोरचे हसतील: छोट्या घराची सजावट आणि जागेचा वापर. बघू, यातून आपल्या शहरापुरता पक्का प्रश्न निघतो का.

पहिली पायरी: आधी कोणी काय विचारलंय?

अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ च्या सुमारास स्वयंपाकघराकडे कारखान्यासारखं पाहिलं. बाई ओट्यापासून कपाटापर्यंत किती पावलं चालते, त्यातली किती वाचवता येतील, हा त्यांचा प्रश्न. पुढे १९२६ मध्ये वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी याच विचारातून 'फ्रँकफर्ट किचन' आखलं. मापं साधारण १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींत अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. आजचं मॉड्युलर किचन त्याच घराण्यातलं.

दुसरी वाट फिलिप बूदों यांची. ल कॉर्बुझिए यांनी १९२६ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे कामगारांसाठी वसाहत बांधली. राहणाऱ्यांनी नंतर तिच्यात मनासारखे बदल केले: लांब खिडक्या लहान केल्या, उघड्या गच्च्या बंद केल्या. बूदों यांचा अभ्यास १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांनी या बदलांना 'बिघाड' न म्हणता माहिती मानलं. लोकांनी घर का बदललं, हे त्यांनी लोकांनाच विचारलं.

म्हणजे दोन पद्धती हाती आल्या: एक मोजण्याची, दुसरी विचारण्याची. साहित्याचा आढावा म्हणतात तो यासाठीच करायचा. नुसती नावांची यादी देऊन भागत नाही.

दुसरी पायरी: 'छोटं' म्हणजे किती?

संशोधनात मोघम शब्द चालत नाही. बिल्डरच्या जाहिरातीत बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट असे तीन आकडे फिरत असतात. रेरा कायद्याने (२०१६) कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली: घरातली वापरता येणारी जमीन. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. पंतप्रधान आवास योजनेने (शहरी, २०१५) आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी कार्पेट एरियाची मर्यादा ३० चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२३ चौरस फूट ठेवली. आपण 'छोटं घर' म्हणजे ३० चौरस मीटरपर्यंतचं घर असं धरू. का धरलं, हे एका वाक्यात सांगता आलं की झालं.

तिसरी पायरी: सल्ल्यात काय गृहीत धरलंय?

प्रश्न इथे सापडतो. छोट्या घराबद्दलचा कुठलाही व्हिडिओ लावा. सल्ले ठरलेले: सोफा-कम-बेड घ्या, भिंतीला घडीचं टेबल लावा, वस्तू जमिनीवरून उचलून वर न्या, आरसा लावा म्हणजे खोली मोठी दिसेल. सल्ले वाईट नाहीत. पण या सगळ्यांनी, आणि फ्रँकफर्ट किचननेही, एक गोष्ट न बोलता धरलेली आहे: नळाला रोज पाणी येतं.

छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं, आणि गेली कित्येक वर्षं बऱ्याच वस्त्यांना ते काही दिवसांच्या खंडाने मिळत आलं आहे. मधले दिवस पाणी कुठे राहतं? घरात. ड्रम, टाकी, टिपाड, हंडे, बादल्या. आता हिशोब करा.

ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचा निकष ठेवला. तेवढ्याच पाण्यावर भागवायचं म्हटलं, तरी चार माणसांना, पाच दिवसांचा खंड धरून, ५५ × ४ × ५ = १,१०० लिटर साठवावे लागतील. २०० लिटरचे सहा ड्रम. एका ड्रमला साधारण ६० बाय ६० सेंटिमीटर जागा लागते. सहा ड्रमना २.१६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २३ चौरस फूट. एक कॉट ६ बाय ३ फुटांची, म्हणजे १८ चौरस फूट. थोडक्यात, एका माणसाच्या झोपण्याची जागा पाण्याने घेतली. ३० चौरस मीटरच्या घरातली ही ७ टक्के जमीन झाली. शहरांसाठीचा १३५ लिटरचा निकष लावला, तर १४ ड्रम लागतील आणि हाच आकडा जवळपास १७ टक्क्यांवर जाईल.

आणि 'वस्तू वर न्या' हा सल्ला पाण्याला लागू पडत नाही. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ड्रमखालच्या जमिनीवर भार येतो चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास. राहत्या खोल्यांचा स्लॅब मात्र आपल्याकडच्या मानकानुसार सरासरी चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. एखाद्या ड्रमने लगेच काही होत नाही. पण बाल्कनीच्या कोपऱ्यात पाच-सहा भरलेले ड्रम रांगेने ठेवण्याआधी इंजिनीअरला दाखवलेलं बरं, आणि माळ्यावर तर ठेवूच नयेत. म्हणून पाणी खाली राहतं, बाकीचा संसार वर चढतो. दिवाणात गाद्या, माळ्यावर पेट्या, भिंतीवर मांडणी.

चौथी पायरी: प्रश्न लिहा

आता प्रश्न असा मांडता येतो: '३० चौरस मीटरपर्यंतच्या घरांत पाणीपुरवठ्याचा खंड जसा वाढतो, तशी साठवणीखालची जमीन किती वाढते, आणि त्यामुळे घरातल्या कोणाची जागा जाते?'

शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला भाग टेपने मोजता येतो. दुसऱ्यासाठी विचारावं लागतं: अभ्यासाला कोण कुठे बसतं, किती वाजेपर्यंत? पाहुणे आले की कोण उठतं? बारावीच्या मुलीचं टेबल आधी हलतं की टीव्ही? खोली एकच असते, पण सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री अकराला ती तीन वेगळी घरं असतात. म्हणून नकाशा तीन वेळांचा काढायचा.

आता अडचणी. अपार्टमेंटमध्ये खाली हौद आणि वर टाकी असते, टँकरही येतो. तिथे घरात ड्रम दिसणार नाही. पण तिथलं उत्पन्नही वेगळं असतं. मग फरक पाण्याचा की पैशाचा? त्यासाठी एकाच प्रकारची घरं घ्या, उदाहरणार्थ सिडकोच्या एन-सेक्टरमधली एकाच गल्लीतली रो-हाऊस. बोअर असलेली आणि नसलेली घरं वेगळी नोंदवा. भाडेकरू आणि मालकही वेगळे, कारण भाडेकरूला भिंतीला खिळा मारायलाही विचारावं लागतं.

आणखी एक संधी आहे. शहराच्या १,६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. अशा योजनेचं पाणी वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वेळी वाढलं, तर 'आधी आणि नंतर' तुलना करता येते, आणि ज्यांचं पाणी अजून वाढलेलं नाही तो भाग आपोआप तुलनेचा गट बनतो. असा प्रयोग आपण स्वतः घडवू शकत नाही. ड्रम खरंच हलतात, की सवयीने तिथेच राहतात? हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच प्रश्न चांगला आहे.

एक पथ्य पाळा. कोणाच्या घराच्या आतला फोटो म्हणजे त्यांचं खासगी आयुष्य. लेखी परवानगी घ्या आणि शक्यतो फोटोऐवजी हाताने काढलेला नकाशा वापरा.

करून बघा

कॉट बेसिसवर राहत असाल तर तीच तुमची पहिली केस. आलेख कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरून खोली काढा. कॉट, बॅगा, बादल्या, पुस्तकं सगळं भरा. मग पाण्याखालची आणि अभ्यासाखालची जमीन वेगळ्या रंगाने रंगवून चौकटी मोजा. अर्धा तास लागेल. दोन आकडे हाती येतील, आणि ते तसेच का आहेत हा प्रश्न लगेच पडेल. तो प्रश्न कागदाच्या खाली लिहून ठेवा. गाईडकडे जाताना विषयाऐवजी तोच घेऊन जा.