अठ्ठ्याहत्तर अंशांचा भ्रम

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून घरच्या घरी, स्वतःपुरती दारू गाळायला मुभा आहे; विकायला नाही. त्यामुळे तिथल्या हौशी मंडळींच्या गराजात साध्या भट्टीशेजारी उंच, उभा रिफ्लक्स कॉलमही दिसतो. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय गाळणं हा गुन्हा आहे. पण या कॉलममागचं तत्त्व आपल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतही राबतं, म्हणून ते नीट समजून घ्यायला हरकत नाही.

सगळ्यात चिवट गैरसमज तापमानाचा. मद्यार्क साधारण ७८.४ अंशांना उकळतो आणि पाणी १०० ला. मग भांडं ७८ वर धरून ठेवलं की नुसता मद्यार्क उडेल, असं हिशेबी डोकं सांगतं. तसं होत नाही. मिश्रण कितीला उकळायचं हे त्यातल्या प्रमाणावर ठरतं. १० टक्के मद्यार्काचं आंबवण ९२-९३ अंशांना उकळतं. ७८ वर धरलं तर ते उकळणारच नाही. उकळी फुटल्यावर आच वाढवली की वाढते ती वाफ, तापमान नव्हे. आणि त्या वाफेतही जवळजवळ निम्मं पाणीच असतं.

ती वाफ थंड करून पुन्हा उकळली तर मद्यार्क ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो. कॉलम हेच काम एका उभ्या नळीत पुनःपुन्हा करतो. नळीत तांब्याची जाळी किंवा चिनीमातीच्या कड्या भरलेल्या असतात. काही जण तर भांडी घासायच्या स्टीलच्या घासण्याच कोंबतात. वरच्या शीतकात वाफेचा द्रव होतो आणि त्यातला बराचसा मुद्दाम परत खाली सोडतात. हाच रिफ्लक्स. खाली ओघळणारा द्रव आणि वर चढणारी वाफ जाळीवर भेटतात. पाणी द्रवात उतरतं, मद्यार्क वाफेबरोबर वर सरकतो. दहा थेंब परत पाठवून एकच काढून घेतला तर माल कडक. घाई करून निम्मा काढला तर कॉलम असून नसल्यासारखा. माथ्यावरचा थर्मामीटर फक्त बातमी देतो: आकडा चढू लागला, तर मद्यार्क सरत आलाय.

कितीही उंच कॉलम लावा, वजनाने ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही. त्या प्रमाणात मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध मद्यार्काच्याही किंचित आधी, उकळतं आणि वाफ-द्रव सारखेच होतात. म्हणूनच पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधलं उरलेलं पाणी कारखान्यांना वेगळ्या प्रक्रियेने काढावं लागतं.

‘पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं’ हाही अर्धवट समज. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून होतं. साखरेच्या आंबवणात ते नगण्य. साध्या भट्टीत ते पहिल्या धारेपुरतं न राहता पुढेही झिरपत राहतं. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती गाळण्यातल्या चुकीने नव्हे; त्या दारूत मिथेनॉल होतं ते औद्योगिक. अशा भेसळीपुढे ग्राहकाची जीभ काय करणार?

कॉलम म्हणजे प्रेशर कुकर, हेही खरं नाही. तो हवेला उघडाच असावा लागतो. तोंड बंद झालं तर स्फोटाची भीती. शीतकाचं पाणी थांबलं तर मद्यार्काची वाफ थेट खोलीत येते, आणि तिला एक ठिणगी पुरते.

राहता राहिला ‘जितकी शुद्ध तितकी उत्तम’ हा हट्ट. व्होडकासाठी ठीक. गोव्याची काजू फेणी मात्र भट्टीच्या भांड्यातूनच निघते. ती कॉलममध्ये घासून काढली तर कडक स्पिरिट हाती येईल, काजूचा वास नाही.