कॅरव्हॅन ओढायला पिकअप घेताय? थांबा, आधी वजनकाट्यावर जाऊ



मागच्या महिन्यात कोल्हापूरकडच्या एका दादांचा फोन आला. वहिनीही फोनवर होत्या. देवगडजवळ त्यांच्या मामांची आंब्याची बाग आहे. तिथे मोठी कॅरव्हॅन न्यायची, पर्यटकांना राहायला द्यायची, असा दोघांचा बेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून असे फोन मला वरचेवर येतात. कल्पना छानच आहे. पण दादांचा प्रश्न वेगळाच होता.

"सर, पिकअपचं बुकिंग उद्या करतोय. वीस लाखांचं कर्ज मंजूर आहे. कुठला घेऊ, एवढंच सांगा."

मी विचारलं, "दादा, कॅरव्हॅन भरल्यावर वजन किती होणार?"

फोनवर शांतता. मग वहिनी म्हणाल्या, "ते कुणी विचारलंच नाही आम्हाला."

आजचा लेख त्या शांततेसाठी. कॅरव्हॅन असो, फूड ट्रेलर असो, ओढायची वस्तू आधी ठरते आणि ओढणारी गाडी नंतर. आपण नेमकं उलट करतो. गाडीच्या प्रेमात पडतो आणि मग तिला काम शोधतो.

हॉर्सपॉवर बघून फसू नका

आपल्याकडे या कामासाठी दोन नावं हमखास निघतात. इसुझू व्ही-क्रॉस: १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर टॉर्क. आणि टोयोटा हायलक्स: २.८ लिटर, २०४ पीएस, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर. दोन्ही दमदार गाड्या. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघितले की तिथे यांच्याच भावंडांना ब्रेकवाला ट्रेलर ३,५०० किलोपर्यंत ओढायची परवानगी आहे असं दिसतं. मग आपल्याला वाटतं, झालं काम!

नाही झालं. तो आकडा ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या गाडीचा आहे. नाव तेच असलं तरी प्रत्येक देशात गाडीचे पाटे, ॲक्सल आणि मंजूर वजन वेगळं असू शकतं. तुमच्यासाठी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आणि आरसीवरचाच आकडा खरा. कंपनीकडून ओढण्याची क्षमता लेखी मागा. लेखी मिळाली नाही, तर ती शून्य धरा. सेल्समन तोंडी "आरामात ओढते सर" म्हणाला, तर हसून चहा प्या आणि बाहेर पडा.

अमेरिकेतला धडा

मोठे ट्रॅव्हल ट्रेलर पिकअपला लावून फिरणं हा प्रकार अमेरिकेत घरोघरी चालतो. म्हणून गणित तिथून शिकू.

पूर्वी तिथे प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता आपापल्या पद्धतीने ठरवायची. मग जे२८०७ नावाचं एक सामाईक मानक आलं आणि टोयोटाने ते सर्वांत आधी स्वीकारलं. त्यात ॲरिझोनामधल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट ठराविक वेग टिकवावा लागतो. पिकअपसाठी तो साधारण ताशी ६४ किलोमीटर. चाचणी कडक आहे. पण गाडीत फक्त दोनच माणसं धरतात, तीही प्रत्येकी ६८ किलोची!

आता खरं कुटुंब घ्या. जाहिरातीत लिहिलंय "५,००० किलो ओढते". ट्रेलर भरून ३,४०० किलो. वाटतं, भरपूर जागा आहे. पण दाराच्या चौकटीवरचा स्टिकर सांगतो, माणसं आणि सामान मिळून ७०० किलोच्या वर नको. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीवर टेकतो, त्याचा भार सुमारे ४४० किलो. माणसं ३००, हिचचं लोखंड ४०, मागे थोडं सामान ६०. बेरीज ८४०. म्हणजे ओढायची ताकद शिल्लक आहे आणि पेलायची ताकद कधीच संपली आहे.

मित्रांनो, हा मुद्दा वहीत लिहून ठेवा: ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. आणि पेलणं बहुतेक वेळा आधी संपतं.

दांड्यावरचा भार म्हणजे काय?

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली कधी पाहिलीत? मागून भार जास्त दाबला की नाक वर येतं. पिकअपचंही तेच. दांड्यावर भार जास्त झाला तर मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग आणि पुढचे ब्रेक नीट पकडत नाहीत.

मग भार कमी ठेवला तर? ते त्याहून वाईट. ट्रेलरचं वजन मागे गेलं की तो शेपटीसारखा डुलायला लागतो. वेग असेल तर पिकअपलाही सोबत घेऊन आडवा होतो. म्हणून ट्रॅव्हल ट्रेलरसाठी भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर ठेवतात. कॅरव्हॅन बनवून घेताना पाण्याची टाकी आणि बॅटरी कुठे बसणार, हे आधी विचारा. २०० लिटरची टाकी मागच्या टोकाला गेली, तर २०० किलो चुकीच्या जागी गेले.

दादांचं गणित

त्या दोघांना मी फोनवर थांबायला सांगितलं आणि आम्ही बेरीज केली. तुम्हीही कागद घ्या.

पहिली बाजू, कॅरव्हॅन. बनवणाऱ्याने सांगितलेलं रिकामं वजन १,९०० किलो. पाणी १५० लिटर म्हणजे १५० किलो. एसी आणि बॅटऱ्या १००. गाद्या, भांडी, गॅस, खुर्च्या, तंबू २००. भरलेलं वजन २,३५० किलो. त्याचे १२ टक्के, म्हणजे दांड्यावर २८२ किलो.

दुसरी बाजू, पिकअप. त्यांच्या मनातल्या गाडीचं कागदावर एकूण मंजूर वजन २,५५० आणि रिकामं वजन १,९५०. म्हणजे पेलण्याची क्षमता ६०० किलो.

आता भरा: दांडा २८२, चालक धरून पाच माणसं ३५०, बॅगा ८०, हिच ३०. एकूण ७४२ किलो. १४२ किलो जास्त!

दादा म्हणाले, "सर, १४० किलोनं काय होतंय?"

मी त्यांना माझीच गोष्ट सांगितली. दुकान नवीन होतं तेव्हा एक फेरी वाचवायला मी टेम्पोत टाइल्सचे जास्तीचे बॉक्स टाकले होते. चढावर मागचा पाटा तुटला. गाडी जागेवर थांबली म्हणून निभावलं. वाचवलेल्या एका फेरीच्या कितीतरी पट खर्च आला, आणि त्या दिवशीचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. ते तर सपाट माल होते. तुमच्यामागे दोन टनांची खोली असणार आहे आणि समोर गगनबावड्याचा करूळ घाट.

शिवाय ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपयांपासून सुरू होतो, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. अपघातात विमा कंपनीने हात वर केले तर तो हिशोब आणखी वेगळा.

मग वहिनींनीच मार्ग काढला. "माणसं आपल्या गाडीतून कशाला न्यायची? पाहुणे त्यांच्या गाडीने येतील." बरोबर! आता दांडा २८२, दोघं मिळून १४०, हिच ३०, अवजारं ५०. एकूण ५०२. जवळपास १०० किलो हातात राहिले. एवढी मोकळीक हवीच, कारण कॅरव्हॅनमध्ये सामान वाढत जातं, कमी होत नाही.

घाट उतरताना इंजिन नाही, ब्रेक लागतात

चढताना गाडी दमली तर फार तर हळू चालेल. उतरताना दमली तर ती थांबणारच नाही. म्हणून हे पाच प्रश्न बुकिंगच्या आधी:

१. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? ऑस्ट्रेलियात आणि युरोपात ७५० किलोच्या वर ब्रेक नसलेला ट्रेलर चालत नाही. तुम्हीही हीच रेषा धरा. ब्रेक इलेक्ट्रिक असतील तर त्यांचा कंट्रोलर चालकाच्या हाताशी हवा.

२. हिच कुठे बसणार? चॅसीला बोल्टने कसलेली, त्या वजनासाठी बनवलेली हिच घ्या. बंपरला वेल्डिंग करून दिलेला हूक म्हणजे संकटाला आमंत्रण. वॉरंटीवर काय परिणाम होईल, तेही लेखी घ्या.

३. सुटलं तर? दोन सेफ्टी चेन दांड्याखालून फुलीसारख्या लावतात. दांडा निसटला तर तो रस्त्यात रुतत नाही, साखळ्यांवर झेलला जातो.

४. दिसतं का? कॅरव्हॅन पिकअपपेक्षा रुंद असते. जादा आरसे, आणि मागे इंडिकेटर-ब्रेकलाइटची जोडणी हवीच.

५. कागद? कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, विम्यात त्याचा उल्लेख वेगळा. आणि भाड्याच्या धंद्यासाठी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी चालत नाही. आधी आरटीओत जाऊन विचारा, मग चेक फाडा.

आणि हो, बेरीज कागदावर जुळली तरी पूर्ण डिझेल भरून, सगळं सामान लादून, एकदा वजनकाट्यावर जा. आधी पिकअप एकटी, मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे दांड्यावरचा खरा भार. पावती जपून ठेवा.

शेवटचा प्रश्न, धंद्याचा

गणित जुळलं. दादा खूश. "मग करू बुकिंग?"

मी म्हटलं, "एकच सांगा. वर्षातून किती वेळा ओढणार?"

पुन्हा शांतता. वहिनी म्हणाल्या, "पावसाळ्यानंतर न्यायची, पावसाळ्याच्या आधी आणायची. दोनदा."

वीस लाख, १० टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण ४२,५०० रुपये. वर्षाला पाच लाख दहा हजार. म्हणजे एका वेळी ओढण्याची किंमत अडीच लाखांच्या वर! विमा आणि डिझेल तर धरलंच नाही. तेवढ्यासाठी लो-बेडवर चढवून भाड्याने नेणं केव्हाही स्वस्त.

मी पिकअप घेऊ नका म्हणत नाही. दर आठवड्याला कॅरव्हॅन नव्या जागी न्यायची असेल, लग्नसमारंभांना, जत्रांना, किनाऱ्यावर, तर स्वतःची गाडी हवीच. सोपा हिशोब: वर्षाचा हप्ता, विमा आणि चालकाचा पगार यांची बेरीज करा आणि ओढण्याच्या दिवसांनी भागा. आलेला आकडा भाड्याच्या गाडीपेक्षा कमी असेल, तरच बुकिंग.

दादा-वहिनींनी बुकिंग थांबवलं. कर्ज लहान केलं. त्या पैशातून बागेत बोअर, बाथरूम आणि विजेचं कनेक्शन करतायत, कारण पाहुणे पिकअप बघायला येणार नाहीत, राहायला येणार आहेत.

तुमच्या डोक्यात कॅरव्हॅन किंवा फूड ट्रेलर असेल, तर आज रात्री फक्त तीन आकडे लिहा: भरलेल्या ट्रेलरचं वजन, गाडीची पेलण्याची क्षमता, आणि वर्षातले ओढण्याचे दिवस. तिन्ही आकडे तयार असतील तेव्हाच शोरूमची पायरी चढा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वजन सांभाळा, गाडीचंही आणि कर्जाचंही!