पंपाचा डिजिटल रिले : संपर्कांची जोडणी व चाचणी

उसाला पाण्याची पाळी द्यावयाची आणि नेमकी त्याच वेळी पंपाची मोटर जळावी, हा प्रसंग बागायती गावांस नवा नाही. तीन फेजांपैकी एक गेली, तरी पूर्ण भाराने चालणारी मोटर सहसा थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो व वायंडिंग तापून जळते. विहिरीचे पाणी संपल्यावर पंप कोरडा चालला, तर पंपाचीही हानी होते. ह्या आपत्ती टाळण्यासाठी उपसा सिंचनाच्या मोठ्या पंपांवर डिजिटल रिले बसवितात. लहान पंपांसाठीही तो मिळतो.

परंतु रिले स्वतः मोटर बंद करीत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तो केवळ आपला एक लहान संपर्क उघडतो. त्यामुळे कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तुटतो व मग मोटर थांबते. हा संपर्क चुकीचा जोडलेला असेल, तर पडद्यावर ‘ट्रिप’ असे उमटते आणि मोटर मात्र जळत राहते.

इनपुट : रिलेचे कान

विहिरीतील फ्लोट स्विच, कॉन्टॅक्टरचा साहाय्यक संपर्क व रिसेटचे बटण यांच्या तारा इनपुटास जोडतात. कोणता इनपुट कशासाठी, हे रिलेच्या सेटिंगमध्ये नोंदवावे लागते.

फ्लोट स्विच असा जोडावा की, पाणी पुरेसे असताना संपर्क मिटलेला राहील व पाणी खाली जाताच उघडेल. म्हणजे उंदराने तार कुरतडली अथवा नांगराने तोडली, तरी रिले ‘पाणी नाही’ असेच समजेल व मोटर थांबेल.

काही इनपुटांस रिले स्वतःच दाब पुरवितो. अशा इनपुटास बाहेरून २३० व्होल्टचा पुरवठा दिल्यास रिले निकामी होतो. बाहेरचा पुरवठा घेणाऱ्या इनपुटांस किती व्होल्टला ‘चालू’ समजावयाचे, तेही ठरवावे लागते. काही रिलेंत १७, ३३, ८४ व १६६ व्होल्ट अशा पायऱ्या असतात. २४ व्होल्टच्या पुरवठ्यास १७ ची पायरी योग्य. ३३ ठेवल्यास संपर्क मिटूनही रिलेस कळणार नाही.

पाण्याच्या हेलकाव्याने फ्लोट वरखाली होतो. म्हणून त्याच्या इनपुटास काही सेकंदांचा विलंब द्यावा.

आउटपुट : रिलेचे हात

संपर्कावरील ‘नॉर्मली ओपन’ अथवा ‘नॉर्मली क्लोज्ड’ ही खूण रिलेच्या आतील कॉइलला वीज नसतानाची स्थिती दाखविते. ‘फेल-सेफ’ सेटिंगमध्ये सर्व ठीक असताना ती कॉइल ओढलेली असते. म्हणून तेथे कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी नॉर्मली ओपन संपर्क ओळीने जोडावा. रिलेचा स्वतःचा पुरवठा गेला, तरी मोटर थांबते. साध्या सेटिंगमध्ये नॉर्मली क्लोज्ड संपर्क लागतो. परंतु तेथे रिलेचा पुरवठा गेल्यास मोटर संरक्षणावाचून चालू राहू शकते.

सेटिंग व तार जुळली नाहीत, तर मोटर सुरूच होत नाही. मग घाईत कोणी तारेचा तुकडा टाकून तो संपर्क जोडून टाकतो. मोटर चालते, पाणी येते. परंतु त्या क्षणापासून रिलेचे हात बांधले गेले, असे समजावे. ही युक्ती कदापि करू नये.

ट्रिप हातानेच रिसेट होईल, असे ‘लॅच’ सेटिंग ठेवावे. अन्यथा दोष निघून जाताच, पंपाजवळ माणूस काम करीत असताना, मोटर आपोआप सुरू होण्याचा धोका असतो.

चाचणी

चाचणी परवानाधारक वीजतंत्र्याकडून करून घ्यावी. मुख्य स्विच बंद करून मोटरकडे जाणाऱ्या तारा सोडवाव्यात, त्यांची टोके सुरक्षित झाकावीत व मगच पेटीस पुरवठा द्यावा. प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टर ओढून घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. फ्लोट खाली सोडला असता, ठरविलेल्या विलंबानंतर कॉन्टॅक्टर सुटतो काय?
२. फ्लोटची तार सोडविली असता तसेच घडते काय?
३. रिलेतील चाचणीच्या सोयीने ट्रिप दिली असता कॉन्टॅक्टर सुटतो काय?
४. रिलेचा पुरवठा काढला असता कॉन्टॅक्टर सुटतो काय?

तार सोडविण्यापूर्वी व पुन्हा जोडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. पडद्यावरील अक्षरांवर विसंबू नये. कॉन्टॅक्टर सुटल्याचे प्रत्यक्ष पाहावे.

कोणत्या इनपुटास काय जोडले, कोणता आउटपुट काय करतो व चाचणी कधी झाली, याचा तक्ता पेटीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवावा. विस्तार कार्यकर्त्यांनी रब्बी हंगामापूर्वी गावातील पंपधारकांस एकत्र बोलावून एका पेटीवर ही चाचणी करवून दाखवावी. एका सकाळच्या ह्या कामाने ऐन पाळीच्या वेळी मोटर जळण्याचा धोका पुष्कळच कमी होईल.